एकगठ्ठा टपालाची परिभाषा : भारतीय टपाल व्यवस्थेतील काही संज्ञांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्रकाशनसंस्था, बँका, विमा कंपन्या, कारखाने, शिक्षणसंस्था आणि नियतकालिके यांना एकाच वेळी शेकडो, प्रसंगी हजारो पत्त्यांवर टपाल पाठवावे लागते. अशा टपालासाठी आज 'बल्क मेल' हा शब्द सर्रास वापरला जातो. मराठीत त्यास 'एकगठ्ठा टपाल' असे म्हणता येईल. या टपालाभोवती संज्ञांचे एक मोठे जाळे विणले गेले आहे. बुकपोस्ट, नोंदणीकृत वृत्तपत्र, व्ही.पी.पी., पूर्वशुल्काविना टपाल टाकण्याचा परवाना, फ्रँकिंग, बिझनेस रिप्लाय, पिन कोड, बिझनेस पोस्ट, बिल मेल ही त्यांपैकी काही ठळक नावे होत. वाणिज्य शाखेच्या 'चिटणिसाची कार्यपद्धती' किंवा 'कार्यालय व्यवस्थापन' यांसारख्या विषयांत या संज्ञा बहुधा व्याख्या म्हणून शिकविल्या जातात. विद्यार्थी त्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

वस्तुतः यातील प्रत्येक संज्ञेमागे एक प्रश्न दडलेला आहे : टपालाचा दर नेमका कशावर ठरवावा? पत्राने कापलेल्या अंतरावर, त्याच्या वजनावर, आतील मजकुरावर, पाठविणाऱ्याच्या पतीवर, की त्याने टपाल खात्याचे जेवढे काम वाचविले त्यावर? निरनिराळ्या काळात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली आणि प्रत्येक उत्तराने आपापल्या संज्ञा मागे ठेवल्या. या संज्ञा कालानुक्रमे लावून पाहिल्यास सवलतीचा आधार आशयाकडून विश्वासाकडे आणि विश्वासाकडून श्रमाकडे सरकत गेल्याचे दिसते. हे सरकणे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. टपालविषयक कायद्यांतील तरतुदी, दरपत्रकांची रचना आणि टपाल खात्याने वेळोवेळी सुरू केलेल्या सेवा यांचा त्यासाठी आधार घेतला आहे. इ. स. २०२३ नंतर झालेल्या बदलांमुळे हा विषय केवळ ऐतिहासिक जिज्ञासेचा राहिलेला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अंतर आणि वजन

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील टपाल प्रथमतः सरकारी कामकाजासाठी होते. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये ते सर्वसामान्यांसाठी खुले केले. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या प्रदेशात पत्रे वाहून नेण्याची मक्तेदारी सरकारकडे घेतली. त्या काळी दर अंतरावर व वजनावर ठरत असे. कलकत्त्याहून मुंबईस पत्र पाठविण्यास तोळ्यामागे एक रुपया पडे. हरकारा पायी धावत असल्याने त्याच्या खांद्यावरील प्रत्येक तोळ्याला आणि प्रत्येक कोसाला किंमत होती. जड पुडक्यांसाठी वेगळी 'बंगी' टपालाची सोय होती. हा शब्द 'बहंगी' म्हणजे कावड यावरून आला. ज्या साधनाने माल वाहिला जाई, त्याच साधनाचे नाव त्या प्रकारच्या टपालाला मिळाले, ही बाब भाषेच्या अभ्यासकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

इंग्लंडमध्ये रोलंड हिल याने १८३७ साली मांडलेली आणि १८४० मध्ये अमलात आलेली एक पेनी दराची योजना या विचाराला छेद देणारी ठरली. टपालाचा खरा खर्च प्रवासात कमी आणि हाताळणीत, हिशोबात व वसुलीत अधिक होतो, असे हिलचे म्हणणे होते. म्हणून दर सर्वत्र सारखा ठेवावा आणि तो पाठविणाऱ्याने आधीच भरावा, अशी त्याने मांडणी केली. हिंदुस्थानात १८५४ च्या कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले. अंतर विचारात न घेता केवळ वजनावर दर ठरू लागला आणि सर्वांत हलक्या पत्रास अर्धा आणा पुरू लागला. १ ऑक्टोबर १८५४ पासून संपूर्ण देशासाठी तिकिटे उपलब्ध झाली. 'टपाल हंशील' आगाऊ भरणे हा नियम झाला आणि न भरलेले पत्र हा अपवाद ठरला. असे पत्र घेणाऱ्याला दुप्पट पैसे मोजून सोडवून घ्यावे लागे. मराठीत ते 'नॉटपेड' या नावाने ओळखले जाऊ लागले.

एकगठ्ठा टपालाच्या दृष्टीने या सुधारणेला एक महत्त्वाची मर्यादा होती. प्रत्येक पत्र हे एक सुटे पत्र मानले गेले. हजार पत्रे टाकणाऱ्यालाही हजार तिकिटे चिकटवावी लागत. अधिक संख्येला काही अर्थ आहे, हे मान्य होण्यास अजून बराच अवधी होता. तोवर सवलतीचा मार्ग वेगळ्या बाजूने उघडला, तो मजकुराच्या बाजूने.

आशयावर आधारलेल्या संज्ञा : बुकपोस्ट आणि नोंदणीकृत वृत्तपत्र

छापील मजकूर हा खाजगी पत्राहून निराळा असून त्याचा प्रसार समाजाच्या हिताचा आहे, ही भूमिका एकोणिसाव्या शतकातील टपाल धोरणात सर्वत्र आढळते. 'बुकपोस्ट' ही संज्ञा या भूमिकेचे अपत्य होय. पुस्तके व छापील कागद पत्राहून कमी दरात नेले जात. मात्र त्यासाठी आत काय आहे हे टपाल खात्याला तपासता आले पाहिजे, अशी अट होती. म्हणूनच बुकपोस्टाचे पाकीट चिकटवायचे नाही, त्याची झडप नुसती आत खोवायची, असा प्रघात पडला. लग्नपत्रिका वा दिवाळीची शुभेच्छापत्रे अशा उघड्या पाकिटातून आणि कोपऱ्यात 'बुकपोस्ट' असे लिहून पाठविल्याचे अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. पाकीट उघडे ठेवणे ही सवलतीची किंमत होती. प्रेषक गुप्ततेचा हक्क सोडून देई आणि त्याच्या मोबदल्यात दरात सूट मिळवी.

याच विचाराचे अधिक काटेकोर रूप १८९८ च्या भारतीय टपाल कार्यालय अधिनियमात पाहावयास मिळते. या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये 'नोंदणीकृत वृत्तपत्र' कोणास म्हणावे हे सांगितले होते. मजकूर पूर्णतः वा मोठ्या प्रमाणात राजकीय किंवा इतर बातम्यांचा, अथवा त्यांच्याशी वा अन्य चालू विषयांशी संबंधित लेखांचा असावा. अंक जास्तीत जास्त एकतीस दिवसांच्या अंतराने निघावेत. वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. जाहिराती असण्यास हरकत नव्हती. पुरवणीसाठीही नियम होता. ती मूळ अंकासोबतच जावी, तिचा मजकूर वृत्तपत्रासारखाच असावा आणि तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर वृत्तपत्राचे नाव व प्रकाशनाची तारीख छापलेली असावी. व्यापाऱ्याचे जाहिरातपत्रक 'पुरवणी' या नावाखाली स्वस्त दरात जाऊ नये, हा या नियमाचा हेतू उघड आहे.

या तीन कसोट्यांपैकी एकतीस दिवसांच्या कसोटीचा परिणाम फार दूरवर झाला. दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक आणि मासिक यांना ती लाभदायक ठरली. द्वैमासिक, त्रैमासिक, षाण्मासिक आणि वार्षिक मात्र 'वृत्तपत्र' या संज्ञेच्या बाहेर राहिले. अमेरिकेच्या १८७९ च्या टपाल कायद्याशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. त्या कायद्यानेही नियतकालिकांसाठी द्वितीय वर्ग ठरवून वर्गणीदारांची यादी आवश्यक मानली. परंतु वर्षातून किमान चार वेळा प्रसिद्ध होणे त्याला पुरेसे होते आणि साहित्य, शास्त्रे, कला किंवा विशिष्ट उद्योग यांना वाहिलेली प्रकाशनेही त्यात स्पष्टपणे सामावली होती. अमेरिकन कायद्याने त्रैमासिकाला जवळ केले आणि भारतीय कायद्याने ते दूर ठेवले. आपल्याकडील संशोधनपत्रिका व वाङ्मयीन त्रैमासिके वृत्तपत्राच्या दराऐवजी बुकपोस्टावर का अवलंबून राहिली, याचे एक कारण या एका ओळीत सापडते.

व्यापारी टपाल आणि वाचनीय मजकूर यांच्यातील सीमारेषा प्रत्यक्षात किती पुसट असू शकते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघू लागलेली 'किर्लोस्कर खबर'. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून जन्मलेले हे प्रकाशन पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठी वाचकांचे अग्रगण्य मासिक झाले. जाहिरातपत्रक आणि नियतकालिक ही दोन टोके असून त्यांच्यामध्ये बराच मोठा प्रदेश आहे. या प्रदेशात कोणाला सवलत द्यावयाची, हे ठरविण्यासाठीच कायद्याला कालावधी व वर्गणीदार या मोजता येण्याजोग्या खुणांचा आश्रय घ्यावा लागला असावा.

विश्वासावर आधारलेल्या संज्ञा : व्ही.पी.पी. ते फ्रँकिंग

संज्ञांचा दुसरा गट पैसे कोणी, केव्हा आणि कोणत्या हमीवर द्यावयाचे या प्रश्नाशी निगडित आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली व्हॅल्यू पेएबल पोस्ट ही यातील पहिली मोठी सेवा होय. विक्रेता वस्तू पाठवी, पोस्टमन ती घरपोच देऊन किंमत वसूल करी आणि टपाल खाते ती रक्कम मनीऑर्डरीने विक्रेत्यास पोहोचवी. १८८० पासून मनीऑर्डरीचे काम टपाल खात्याकडे आल्याने हे चक्र पूर्ण झाले. ज्याने कधी दुकान पाहिले नाही असा तालुक्याच्या गावचा ग्राहक आणि मुंबई-पुण्याचा प्रकाशक यांच्यामध्ये टपाल खाते विश्वासू मध्यस्थ म्हणून उभे राहिले. खरोखरची मागणी आल्यावरच वस्तू पाठवीत आहोत, असे प्रेषकाने जाहीर करावे ही अट या विश्वासाचे रक्षण करण्यासाठी होती.

मराठी भाषेने ही सेवा किती आत्मसात केली हे 'व्ही.पी. सोडवून घेणे' आणि 'व्ही.पी. परत येणे' या वाक्प्रयोगांवरून दिसते. पहिल्या प्रयोगात ग्राहकाची जबाबदारी आहे, दुसऱ्यात विक्रेत्याची धास्ती. परत आलेल्या पुडक्याचा टपालखर्च विक्रेत्याच्या माथी बसे. जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवरील 'टपालखर्च निराळा' ही सूचना हा त्याच व्यवहाराचा अवशेष होय.

'पूर्वशुल्काविना टपाल टाकण्याचा परवाना' ही संज्ञा नियतकालिकांच्या वेष्टनावर वा शेवटच्या पानावर परवाना क्रमांकासह छापलेली असते. तिचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. यात टपाल फुकट जात नाही. प्रत्येक प्रतीवर तिकीट लावण्याचे बंधन तेवढे शिथिल होते आणि शुल्काचा हिशोब एकत्रितपणे होतो. १८५४ ने रूढ केलेल्या पूर्वशुल्काच्या तत्त्वाला येथे प्रथमच पतीच्या आधारे अपवाद केला गेला. नोंदणी क्रमांक व परवाना क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. पहिला दर ठरवितो, दुसरा तो भरण्याची रीत ठरवितो. वृत्तपत्र निबंधकाकडील नोंदणी ही तर तिसरीच बाब आहे.

फ्रँकिंग यंत्राने हीच सोय बँका, न्यायालये व कंपन्या यांच्या कार्यालयात आणली. आधी भरलेल्या रकमेतून यंत्र तिकिटाऐवजी ठसा उमटविते. अमेरिकेत अशा यंत्रास १९२० मध्ये मान्यता मिळाली आणि पुढे जगभर ते पसरले. बिझनेस रिप्लाय या सेवेत व्यवहार उलटा होतो. उत्तराच्या पाकिटावर तिकीट लावण्याची गरज नसते आणि शुल्क परवानाधारक पत्तेदार देतो. ज्या नॉटपेड पत्राची घेणाऱ्याला लाज किंवा चीड वाटे, त्याचेच हे सन्माननीय रूप झाले. येथे न भरलेले शुल्क हे व्यापाऱ्याने ग्राहकास दिलेले आमंत्रण असते.

श्रमावर आधारलेल्या संज्ञा : पिन कोड ते बिल मेल

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टपालाची अडचण बदलली. वाहतूक जलद झाली, परंतु वर्गवारीचे काम वाढले. रेल्वे टपाल सेवेच्या डब्यात उभे राहून खणाखणांत पत्रे टाकणाऱ्या सॉर्टरला देशभरातील गावांची नावे मुखोद्गत असावी लागत. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपी आणि पत्त्यांतील अस्पष्टता यांमुळे हे काम अवघड होई. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड पद्धती सुरू झाली. या योजनेचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी होते. महाराष्ट्राच्या या सुपुत्राचे नाव मराठी वाचकांना व्हावे तितके परिचित नाही.

पिन कोडचा पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग आणि तिसरा वर्गवारीचा जिल्हा दाखवितो. उरलेले तीन अंक वाटप करणारे कार्यालय दर्शवितात. ४०० म्हणजे मुंबई, ४११ म्हणजे पुणे आणि ४०३ म्हणजे गोवा. वरवर पाहता ही पत्त्याची सुधारणा आहे. परंतु तिच्यामुळे भूगोलाचे ज्ञान सॉर्टरच्या स्मरणातून बाहेर येऊन कोणालाही वापरता येईल अशा अंकांत उतरले. एकदा हे झाल्यावर वर्गवारीचे काम पाठविणाऱ्याकडूनही करून घेता येणे शक्य झाले. पत्त्यांची यादी पिन कोडनुसार लावायची, गठ्ठे बांधायचे आणि ते थेट टपाल खात्याच्या मोठ्या केंद्रात आणून द्यायचे, ही आधुनिक एकगठ्ठा टपालाची रीत या सहा अंकांवर उभी आहे.

अमेरिकेत हा प्रवास आधी सुरू झाला होता. १९०४ मध्ये किमान २००० एकसारखे नग तिकिटाविना, परवान्याच्या ठशावर टाकण्याची मुभा मिळाली. १९२८ मध्ये तृतीय वर्गासाठी एकगठ्ठा दर लागू झाला आणि १९६३ मध्ये झिप कोड आला. याच तृतीय वर्गाचे नाव १९९६ मध्ये 'स्टँडर्ड मेल' आणि २०१७ मध्ये 'मार्केटिंग मेल' असे झाले. वर्गाच्या क्रमांकातून व्यापाराच्या उघड नावापर्यंतचा हा प्रवास बोलका आहे.

भारतात टपाल खात्याने १९९७ साली 'बिझनेस पोस्ट' सुरू केली. पत्रे पाकिटात भरणे, पाकिटे चिकटविणे, पत्ते लावणे, फ्रँकिंग करणे आणि ग्राहकाच्या कार्यालयातून टपाल उचलणे ही टपालपूर्व कामे खात्याने मोबदला घेऊन स्वीकारली. २००३ मध्ये 'बिल मेल सेवा' आली. देयके, खातेउतारे यांसारखे ठराविक काळाने जाणारे टपाल एका वेळी किमान ५००० नग या प्रमाणात टाकल्यास त्यास वेगळा दर लागू झाला. २००५ मधील 'डायरेक्ट पोस्ट'ने तर पत्त्याचीही अट काढून टाकली आणि विशिष्ट भागातील घरोघरी पत्रके वाटण्याची सोय केली. या सेवांच्या दराला आतील मजकुराच्या सार्वजनिक मूल्याचा आधार उरला नाही. संख्या किती, नियमितता किती आणि हाताळणी कोणी केली, हे प्रश्न त्याची जागा घेऊ लागले. बुकपोस्टाचे पाकीट उघडून पाहणाऱ्या कारकुनाची जागा नग मोजणाऱ्या कारकुनाने घेतली.

इ. स. २०२३ नंतरचे परिवर्तन

टपाल कार्यालय अधिनियम २०२३ हा १८ जून २०२४ पासून अमलात आला आणि १८९८ चा अधिनियम रद्द झाला. पत्रे वाहून नेण्याचा सरकारचा अनन्य अधिकार नव्या कायद्यात राहिला नाही. टपाल तिकिटे काढण्याचा अधिकार तेवढा अनन्य ठेवण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा बंद झाली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा सुरू झाली. तिच्यात ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुडक्यास २० रुपये आणि ५ किलोग्रॅमपर्यंत कमाल १०० रुपये असा दर, कर वगळून, ठरविण्यात आला. पुडक्यातील साहित्यावर मुद्रक वा प्रकाशकाचे नाव असावे आणि ते व्यापारी स्वरूपाचे वा जाहिरातींचे नसावे, अशा अटी आहेत. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली.

या घटनाक्रमात दोन गोष्टी विशेष जाणवतात. पहिली अशी की, आशयावर आधारलेली सवलत पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. ज्ञान पोस्टच्या अटींमध्ये जुन्या बुकपोस्टाचाच विचार नव्या नावाने परतला आहे. दुसरी अधिक चिंतनीय आहे. मोठ्या संख्येने टपाल टाकणाऱ्या बँकेला संख्येच्या बळावर सवलत मिळविता येते. साडेतीनशे वर्गणीदारांचे त्रैमासिक, ग्रामीण ग्रंथालयास चार पुस्तके पाठविणारा प्रकाशक किंवा परस्परविनिमयाने पत्रिका धाडणारे महाविद्यालय यांच्याजवळ संख्या नसते. त्यांच्याजवळ केवळ आशय असतो. आशयाला दरपत्रकात जागा किती, यावर त्यांचे टपाल आणि काही अंशी त्यांचे अस्तित्व अवलंबून राहते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. एकगठ्ठा टपालाच्या संज्ञा एकाच काळात व एकाच तत्त्वावर निर्माण झालेल्या नाहीत. बुकपोस्ट व नोंदणीकृत वृत्तपत्र या आशयाच्या, व्ही.पी.पी. व पूर्वशुल्काविना परवाना या विश्वासाच्या, तर पिन कोडनुसार वर्गवारी व बिल मेल या श्रमाच्या मोजमापातून आलेल्या संज्ञा आहेत. अध्यापनात त्यांची मांडणी याच तीन गटांत केल्यास विद्यार्थ्यांना त्यांचे आकलन सुलभ होईल.

२. कायद्यातील वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या व्याख्यांचे सांस्कृतिक परिणाम दीर्घकालीन असतात. एकतीस दिवसांची मर्यादा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

३. नियतकालिकांच्या मलपृष्ठावरील नोंदणी क्रमांक, परवाना क्रमांक, टपालात टाकण्याचा दिवस व कार्यालय यांची नोंद ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासाची दुर्लक्षित साधने आहेत. अंक बांधताना ग्रंथालयांत वेष्टने व मुखपृष्ठे काढून टाकली जातात आणि त्यांबरोबर हा पुरावाही नष्ट होतो. किमान महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ही प्रथा थांबवावी, अशी सूचना करावीशी वाटते.

४. संख्येवर आधारलेली सवलत व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच आहे. तथापि ती एकमेव सवलत ठरल्यास अल्पसंख्य वाचकांसाठी निघणारे गंभीर लेखन महाग होते. १८९८ च्या कायद्यात वृत्तपत्रापुरती का होईना, छापील शब्दाची स्वतंत्र नोंद होती. नव्या व्यवस्थेत अनियतकालिके, त्रैमासिके व संशोधनपत्रिका यांच्यासाठी तशी स्पष्ट संज्ञा निर्माण व्हावी, यासाठी शैक्षणिक क्षेत्राने संबंधितांकडे पाठपुरावा करणे आवश्यक आहे.